स्वच्छ गाडी आणि बेटाची वाट

शुक्रवार, ८ जून १९९०, मंगफ, कुवेत

चि. वहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कालची कोरी, मी बासष्टची, म्हणून तुला चिरंजीव म्हणते. सुरुचीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, तुला खालच्या बकाल्यातून आणलं. वाणसामानाच्या दुकानाला इथं बकाला म्हणतात. म्हणाली, "माई, आम्ही दिवसभर बाहेर असतो. तुम्ही रोजनिशी लिहा, वेळ जाईल." मी शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं शिकले ती गुहागरला आमच्या दुकानात, पुड्यांच्या कागदांवरून, आणि त्यानंतर आयुष्यभर लिहिली ती फक्त पत्रं. ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही. तेव्हा आधी ती.

विश्वास कसा आहे? माझा मुलगा बरा आहे. रिफायनरीत इंजिनिअर आहे, पण जेवला की छातीत जळजळतं. कोकमाचं सार करून घालते. सुरुची कशी आहे? इस्पितळात सिस्टर आहे, दिवसभर उभी, पोटऱ्यांत गोळे येतात. तेल लावून देईन म्हटलं तर लाजते. ज्ञानदा कशी आहे? नात सात वर्षांची, टुणटुणीत, फक्त जीभ इंग्रजीत अडकली आहे. समोरच्या दारातली झुलेखा कशी आहे? ती दाभोळची, म्हणजे माझी गाववालीच, मधे एक खाडी तेवढी. गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र कधी दुखत नाही. बाल्कनीतल्या डालड्याच्या डब्यातली तुळस कशी आहे? उन्हानं मान टाकते. दुपारी तिच्यावर ओला पंचा घालते.

आणि लता कशी आहे? माझी धाकटी लेक बहारीनला असते. तिचे दिवस भरत आले आहेत. डॉक्टरनी विमान बंद केलंय, म्हणजे बाळंतपणाला तिला माहेरी येता येत नाही. मग माहेरानंच तिच्याकडे जायचं. मी विश्वासला तसं सांगितलं.

"बघू," म्हणाला, आणि खाली गाडी धुवायला गेला.

मंगळवार, १२ जून

ज्ञानदानं नकाशा आणून दाखवला. "आजी, इट्स ॲन आयलंड." चहूबाजूंनी पाणी, मधे तिळाएवढा ठिपका. त्या तिळात माझी लेक. बोट ठेवलं तर अख्खा देश झाकला गेला.

मग विश्वासला पुन्हा विचारलं.

"माई, विमानानं तासाभराचं काम आहे. पण तुझा व्हिसा एकदाच आत यायचा आहे. बाहेर पडलीस की परत इथं येता यायचं नाही. जायची वाट आहे, यायची नाही."

"मग बहारीनहून परस्पर मुंबईला जाईन."

"आणि तिकडे आत कोण घेणार? तिथला कुणी जामीन राहिला पाहिजे."

"देवदत्त आहे की." देवदत्त म्हणजे आमचा जावई, तिथल्या इस्पितळात एक्सरे काढतो.

विश्वासनं चहाचा कप उचलला, त्यात काही नव्हतं, तरी प्यायला. म्हणाला, "धूळ बघ काय बसलीय गाडीवर," आणि बादली घेऊन खाली गेला. कष्टाळू आहे बिचारा.

शुक्रवार, १५ जून

वही, तू घरातली झालीस, तुला एक गोष्ट सांगून ठेवते. दोन वर्षांपूर्वी लताचं लग्न मुंबईत झालं. मुहूर्त ठरला होता, विश्वासनं रजा काढली होती, सूट शिवला होता. पण देवदत्तला नोकरीवर लवकर बोलावलं आणि लग्न आठ दिवस अलीकडे घ्यावं लागलं. विश्वास सूट घेऊन पोचला तेव्हा मांडवाचे बांबू उतरवत होते. कानपिळीचा मान नवरीच्या सख्ख्या भावाचा. नवऱ्या मुलाचा कान पिळून बजावायचं की माझ्या बहिणीला नीट सांभाळ. तो मान चुलतभावाला गेला. लता म्हणाली, "दादा, कानाचं काय एवढं?"  तो दुसऱ्याच दिवशी विमानानं कुवेतला परत गेला, इतकंच.

पण ते झालं गेलं. विश्वास मनात ठेवणाऱ्यातला नाही. योग तेवढे जमत नाहीत. लताचा फोन आला की नेमकी त्याची गाडी मळलेली असते. सगळ्या मंगफमध्ये एवढी स्वच्छ गाडी दुसरी नसेल.

गुरुवार, २१ जून

आमचा फोन बिघडलाय, म्हणून आज लताशी झुलेखाच्या फोनवरून बोलले. लता म्हणाली, "माई, पाय सुजलेत, घामानं जीव जातो, आणि मला तुझ्या हातची धुरी हवी." मग जरा थांबून, "दादा काय म्हणतो?"

"गाडी धुतोय."

तिकडून नाक ओढल्यासारखी खरखर आली. बहारीनची लाइन खराब असते म्हणतात.

झुलेखा सुपारी कातरत ऐकत होती. म्हणाली, "काय गो माई, त्या गाडीचा रंग गेला धुवून धुवून. अजून तुला कळत नाय?"

"इथली धूळच तशी आहे," मी म्हटलं.

तिनं अडकित्ता खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, परत उचलला.

तिला मी लाँचीचं विचारलं. तिचा नवरा बंदरात लाँचीवर आहे. आम्ही दोघी खाडीकाठच्या, पाण्याला कशाला भ्यायचं? ती खो खो हसली. "लाँचीत माणसं नाय नेत. बकऱ्या नेतात, टायर नेतात. बकऱ्यांत बसशील तर बहारीनला उतरवून तुला बाजारातच नेतील!"

तेव्हा लाँच रद्द.

शनिवार, ३० जून

देवदत्तनं माझा बहारीनचा कागद करून पाठवला! म्हणजे माझं आत जायचं पक्कं. विश्वासनं तो उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. एकही चूक सापडली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी कुणाला म्हणत नाही, नुसतीच म्हण आठवली.

म्हणाला, "विमानाला जागा नाहीत. सुट्ट्या आहेत, सगळं कुवेत बाहेर चाललंय."

सुरुची भाजी निवडत होती, मान वर न करता बोलली. "रस्त्यानं जाता येतं की. सरहद्द ओलांडायची, सौदीतून खाली उतरायचं, मग समुद्रावरचा नवा पूल. आमच्या मेट्रन ईदला गेल्या होत्या. पाच-सहा तास."

"पूल?" मी म्हटलं. "समुद्रावर? मग ते बेट कसलं? सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

विश्वास म्हणाला, सौदीतून नुसतं जायलासुद्धा परवाना लागतो, अर्ज, फोटो, पुन्हा ऑफिसातून पत्र...

"मग कर की अर्ज. मी लाडू करायला घेते."

शुक्रवार, ६ जुलै

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय. सकाळी कुणीच हसत नव्हतं.

पहाटे उठून बाळंतिणीचे लाडू वळले. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, मेथी, हळीव, आणि गुहागरहून आणलेली खसखस. घर असं घमघमलं की झुलेखा गुडघा विसरून आली. सुरुची उठून स्वयंपाकघरात आली आणि पिशवीकडे पाहून दारातच थांबली.

"माई, हे काय?"

"खसखस."

"हे आलं कसं इथं?"

"माझ्याबरोबर. मेथीच्या पिशवीत."

तिनं विश्वासला हाक मारली ती अशी की मला वाटलं साप निघाला. तो दाढीचा फेस तोंडावर घेऊन आला. मग दोघांनी समजावलं. खसखस अफूच्या बोंडातली. ती या देशांत आणायची नसते. सापडली तर तुरुंग. सौदीच्या नाक्यावर तर एकेक डबा उघडून बघतात.

"अरे, अनारशाला लावतो ती!" मी म्हटलं. "तुझ्या मुंजीला शेरभर लागली होती!"

"माई, हे त्या नाक्यावरच्या पोलिसाला सांग!"

मला घाम फुटला. बासष्टाव्या वर्षी मी चोरटा माल आणला होता, तोही मेथीत लपवून. उरलेली खसखस सुरुचीनं मोरीत ओतली आणि वर बादलीभर पाणी. पण लाडू? परातभर लाडू, आणि प्रत्येकाच्या पोटात गुन्हा!

"टाकून द्या," विश्वास म्हणाला.

"डिंकाचा लाडू टाकायचा? हात झडतील माझे."

तेव्हा झुलेखा परातीशी बसली, एक उचलला आणि तोंडात घातला. "टाकायचे कशाला? पुरावा खाऊन टाकायचा."

मग काय! झुलेखाचा नवरा आला, वरच्या मजल्यावरची दोन पोरं बोलावली, सुरुचीनं दोन खाल्ले, ज्ञानदानं "इट्स सो हेवी" म्हणत तीन. विश्वासनं आधी नको म्हटलं. मग एक. मग फेसाच्या तोंडानंच पाच. सगळी बिल्डिंग बाळंतीण झाली. दुपारी घराघरांतून माणसं आडवी, घोरतायत. मला जरा भीतीच वाटली, अफूचं काही होतं की काय. पण सुरुची म्हणाली, ते तूप आहे.

पाचवा लाडू खाताना विश्वास म्हणाला, "लताला हे फार आवडतात." एवढंच. बघ वही, मी म्हटलं होतं ना, मनात काही नाही त्याच्या!

संध्याकाळी गाडी धुतली नाही. पोट जड होतं त्याचं.

सोमवार, ९ जुलै

लाडू पुन्हा वळले, बिनखसखशीचे. मीठ नसलेल्या आमटीसारखे लागतात.

विश्वासनं माझं विमानाचं तिकीट आणून टेबलावर ठेवलं. सोमवारचं, १६ तारखेचं. एकटीचं. "एक जागा मिळाली. रस्त्यानं नको, तुला आता नाके झेपायचे नाहीत."

"आणि तू?"

"रजा नाही."

म्हणजे गेले की मला इथं परत येणं नाही. इथलं स्वयंपाकघर, झुलेखाची सुपारी, तुळस, ही नात, सगळं एका विमानाच्या शिडीवर सोडायचं. इकडे एक लेकरू, तिकडे एक, मधे पाणी. देवानं आईला दोन हात दिले, ते एकमेकांना पोचतील एवढे लांब मात्र दिले नाहीत.

तरी म्हटलं, "विश्वास, बाराव्या दिवशी बारसं. त्याच दिवशी कान टोचायचे. बाळाला मांडीवर घेऊन मामा बसतो. मामा नसला तर?"

"देवदत्तचा कुणी मित्र बसेल. चुलतभाऊ बसेल. त्यांच्याकडे पद्धतच आहे," म्हणाला आणि बादली शोधायला गेला. बादली सुरुचीनं झुलेखाकडे ठेवली होती. कशाला ते कळलं नाही.

रविवार, १५ जुलै

उद्या निघायचं. झुलेखाला तुळस सोपवली. तिच्या कपाळावर आठी नाही, काही नाही. "नमाज आटपला की पाणी घालीन. पंचापण घालीन. तुझी तुळस माझ्याकडे मुसलमान नाय होणार, भिऊ नको!"

"तूही चल की," मी म्हटलं. "बहारीन बघशील."

"मी कुठं जातेय गो? तुमच्या चाव्या कोण सांभाळील? मी हाय इथं. तू जाऊन ये."

"मला येता येणार नाही, झुलेखा."

"मग मी येते दाभोळला पुढल्या गर्मीत. खाडीतून हाक मारीन."

तिनं मला कातरलेल्या सुपारीची डबी दिली. त्यात काही आक्षेपार्ह नाही, सुरुचीनं तपासलं.

बुधवार, १८ जुलै, मनामा, बहारीन

पोचले. चहाचा पेला रिकामा होतो न होतो तोच विमान उतरायला लागलं. विश्वास पोचवायला आला होता. कुवेतच्या विमानतळावर काचेपाशी वाकला, पाया पडला आणि एक पुडकं दिलं. "लताला दे. माझं नाव सांगू नको." आत चांदीचा वाळा, लहान बाळाचा. नाव सांगू नको म्हणाला, म्हणून मी लताला म्हटलं, "हा कुणाचा ते मी सांगणार नाही." ती वाळा मुठीत धरून रडत बसली. गरोदर बायका रडतातच.

देवदत्त विमानतळावर आला होता. माझ्यामागे लांबवर बघत होता. "दादा नाही आले?" मग स्वतःचा उजवा कान चोळला. "मी कान घेऊन आलो होतो, माई."

गुणी पोर. जरा विचित्र बोलतो.

शनिवार, २१ जुलै

मुलगी! सकाळी. बाळ-बाळंतीण सुखरूप. नाक आमच्या घराण्याचं, त्याला इलाज नाही.

बुधवार, २५ जुलै

मंगफला फोन केला. सुरुचीनं उचलला. इस्पितळात बायका काहीबाही बोलतात म्हणे, उत्तरेच्या सरहद्दीवर शेजारी देशाची फौज आलीय. विश्वास मागून ओरडला, "काही नाही, दरवर्षीचं आहे, तेलावरून धुसफुस!"

"तू का नाही येत फोनवर?" मी विचारलं.

आला. मी तोंड उघडायच्या आत लतानं माझ्या हातून फोन ओढून घेतला. "दादा," म्हणाली.   मग तिनं तान्हीच्या तोंडापाशी फोन धरला. कार्टी नेमकी तेव्हाच भोकाड पसरून रडली, अगदी मंगफपर्यंत जाईल असं.

लतानं फोन परत कानाला लावला तर तिकडून तो ठेवलेला.

"झालं," लता म्हणाली. मी म्हटलं, लाइन गेली असेल.

सोमवार, ३० जुलै

बारसं परवा. मामाच्या जागी देवदत्तच्या इस्पितळातला एक केरळी मित्र मांडीवर घ्यायला तयार आहे. भला माणूस आहे, नवीन लुंगी आणतो म्हणाला. मी हो म्हटलं, पण रात्रीच्या भाताला चव लागली नाही.

मंगळवार, ३१ जुलै

वही, घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

संध्याकाळी खाली हॉर्न वाजला. मी खिडकीतून पाहिलं. एक गाडी, इतकी मळलेली की रंग कळेना. काचेवर वाळू, दिव्यांत वाळू, वर कुणीतरी बोटानं "आजी" लिहिलेलं, आणि तेही मराठीत! दार उघडून काळ्या बुरख्यातली बाई उतरली. मी म्हटलं, ह्या कोण? तिनं बुरखा वर केला तर आमची सुरुची. झुलेखाचा बुरखा, सौदीतून यायचं म्हणून मागून आणलेला. मागून ज्ञानदा. आणि विश्वास. दोन वर्षांपूर्वीचा तो सूट, इस्त्री मोडलेला, घामानं पाठीला चिकटलेला. चार महिन्यांच्या गरोदर बाईसारखा पोटावर ताणलेला!

"परवाना मिळाला?" मी विचारलं.

"जूनमध्येच अर्ज केला होता त्यांनी," सुरुची म्हणाली. विश्वासनं तिच्याकडे डोळे वटारले.

वर आला. दारात लता, काखेत बाळ. दोघं समोरासमोर. देवदत्त मधे आला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि उजवा कान पुढं केला.

"दादा, हा तुमचा. दोन वर्षं जपून ठेवलाय."

विश्वासनं तो धरला. आणि असा पिळला, असा पिळला की देवदत्त टाचांवर उभा राहिला.

"अरे, नवरा आहे माझा तो!" लता ओरडली.

"म्हणूनच!" विश्वास म्हणाला. पाहिलं तर तो रडत होता, पण कान सोडत नव्हता.

बुधवार, १ ऑगस्ट १९९०

बारसं झालं. नाव वीणा. आत्या मुंबईत, म्हणून मामीनंच कानात कुर्र केलं आणि तिनंच कान टोचले, इस्पितळातल्या सफाईनं. वीणा मामाच्या मांडीवर शांत होती. सुई पाहून मामानं डोळे मिटले आणि "आई गं" तोच म्हणाला. केरळी मित्र नवीन लुंगी नेसून आला होता, त्याला लाडू जास्त दिले.

विश्वास उद्या पहाटे निघणार होता. शनिवारपासून कामावर. मी म्हटलं, सोमवारी नारळी पौर्णिमा. लताच्या दोन राख्या मागच्या राहिल्यात, तिसरी आताची. शिवाय चहूबाजूंनी समुद्र असताना नारळ न सोडता जायचं? आम्ही कोकणातली माणसं, तोंड कसं दाखवणार?

"माई, रजा नाही."

"मग मी नाक्यावर सांगेन, ह्यानं खसखशीचे पाच लाडू खाल्लेत."

सगळे हसले. त्यानं ऑफिसात फोन लावला. साहेबानं दिली रजा, मंगळवारपर्यंत. लतानं भावाच्या पाठीत धपाटा घातला, लहानपणी घालायची तसाच. खाली गाडी तशीच उभी आहे, वाळूनं भरलेली. त्यानं अजून हात लावला नाही. प्रवासानं दमला असेल.

रेडिओवर कुवेतची आणि त्या फौजवाल्या शेजाऱ्यांची बोलणी झाल्याचं सांगत होते. भाऊबंदकीच ती, मिटेल. आमच्याकडे तर कानावर मिटलं.

आता एक काम. विश्वास मंगळवारी परत जाईल, त्याच्याबरोबर चिठ्ठी द्यायचीय, पण त्याच्या हाती दिली की खिशात राहील. म्हणून उद्या टपालात टाकते. तिची नक्कल तुझ्यात ठेवते, वही.

सौ. झुलेखास सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुझा बुरखा सुरुचीला फार शोभला, मंगळवारी परत पाठवते, धुवून. तुझा गुडघा कसा आहे? तुझे हे लाँचीवरून वेळेवर येतात ना? वरच्या मजल्यावरची पोरं जेवतात का नीट? आणि माझी तुळस? पंचा विसरलीस तरी चालेल, तू उन्हात जाऊ नकोस. बादली लपवल्याबद्दल तुझे उपकार. कशासाठी लपवली ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. सुपारी संपत आली. सगळ्यांच्या तब्येती कळव, चार ओळी का होईना, पण लवकर लिही. वाट बघते.